धूळ, वंगण आणि विमानाचे सुकाणू



जयपूर शहरात यंत्रांच्या सुलभ हालचालीविषयी बोलावयाचे झाल्यास प्रारंभ अठराव्या शतकापासून करावा लागतो. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये या नगरीची स्थापना केली आणि पुढे राजवाड्यालगत एक वेधशाळा उभारली. तिलाच आज जंतरमंतर या नावाने ओळखले जाते. दगडी यंत्रांकडे वळण्यापूर्वी जयसिंहांनी पितळी यंत्रे वापरून पाहिली होती. परंतु ती त्यांच्या कसोटीला उतरली नाहीत. ‘झिज-ए-मुहम्मदशाही’ या ज्योतिषकोष्टकांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याची कारणे नमूद केलेली आहेत. ही यंत्रे आकाराने लहान असल्यामुळे त्यांवर सूक्ष्म विभाग आखता येत नाहीत, हे एक कारण. दुसरे असे की, त्यांचे आस वापराने झिजतात व डळमळू लागतात, वर्तुळांची केंद्रे ढळतात आणि पातळ्या सरकतात.

यावर त्यांनी योजलेला उपाय सर्वश्रुत आहे. दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधण्यात आली. त्यांपैकी सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे. या यंत्रात काहीही फिरत नाही. फिरते ती केवळ सावली. जयसिंहांच्या पदरी असलेले, मूळचे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, तो याच ज्ञानयज्ञाचा भाग होता. ज्याला आस आहे तो झिजणार. तेव्हा आसच नको, असा तो निर्णय होता. आकाशाचा वेध घेणाऱ्याला तो परवडला.

आकाशात जाणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. विमान दगडाचे करता येत नाही, आणि त्याचे सुकाणू स्थिर ठेवून चालत नाही. जयसिंहांनी ज्या दोषामुळे पितळी यंत्रे बाजूला सारली, त्याच दोषाशी विमानाची देखभाल करणाऱ्या कारागिराला रोज सामना करावा लागतो. आणि तोही जयपूरसारख्या, वाऱ्याबरोबर वाळू वाहणाऱ्या प्रदेशात. आजच्या व्याख्यानाचा विषय तो सामना हाच आहे.

प्रथम लहान विमानाची रचना ध्यानात घ्यावी. दोन किंवा चार आसनांच्या विमानाला हवेत दिशा देणारी पाती तीन प्रकारची असतात. दोन्ही पंखांच्या मागील कडेला, टोकांजवळ, बिजागऱ्यांनी जोडलेली पाती म्हणजे एलेरॉन. एक वर गेले की दुसरे खाली येते आणि विमान कुशीवर कलते. शेपटीवरील आडवे पाते म्हणजे एलेव्हेटर. त्यायोगे विमानाचे नाक वर किंवा खाली होते. शेपटीवरील उभे पाते म्हणजे रडर. नावेच्या सुकाणूशी त्याचे साम्य इतके उघड आहे की, सुकाणू हा शब्द त्याला सहज शोभतो. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे उड्डाण केले, त्याचे खरे रहस्य इंजिनापेक्षा या नियंत्रणात अधिक होते. त्यांच्या विमानात वैमानिक पालथा पडून राही व कमरेखालील पाळणा डावीउजवीकडे सरकवून तारांच्या साहाय्याने पंखांनाच पीळ देई. हवेत तरंगण्याची विद्या इतरांनाही थोडीफार साधली होती. तोल सावरण्याची विद्या त्यांनी सिद्ध केली.

मोठ्या प्रवासी विमानांत पाती हलविण्यासाठी तेलाच्या दाबाची किंवा विजेची मदत घेतली जाते. लहान विमानात केवळ माणसाचे स्नायू असतात. वैमानिकाच्या हातातील दांडा किंवा चाक आणि पायांखालची पेडले यांपासून पोलादी केबली निघतात. त्या कप्प्यांवरून वळण घेतात, भिंतींतील मार्गदर्शक कड्यांतून जातात, कोनात वळलेल्या तरफांना ओढतात आणि शेवटी एखाद्या लहान दांडीमार्फत पात्याला हलवितात. काही विमानांत केबलीऐवजी पोकळ दांड्याच वापरतात. हातापासून पात्यापर्यंतच्या या मार्गावर जेथे जेथे एक भाग दुसऱ्यावर फिरतो किंवा घासतो, ते प्रत्येक ठिकाण झिजेचे, गंजाचे आणि धुळीचे घर होऊ शकते.

या हालचालीतील सहजपणाला इतके महत्त्व का, असा प्रश्न कोणीही विचारील. दांडा थोडा जड झाला, तर हाताला थोडा जोर लागेल, एवढेच ना? उत्तर असे की, दांडा हा केवळ आज्ञा देण्याचे साधन नाही. तो वार्ता आणणारा दूतही आहे. पात्यावर हवेचा जो दाब पडतो, तो केबलीतून उलट प्रवास करीत वैमानिकाच्या तळहातापर्यंत येतो. वेग दुप्पट झाला की, पाते तेवढेच वळविण्यास चौपट बळ लागते. वेग मंदावला की दांडा मऊ, पोकळ वाटू लागतो. अनुभवी वैमानिक मापकाकडे पाहण्याआधीच या स्पर्शावरून धोक्याची चाहूल घेतो. वाटेत घर्षण वाढले की हा दूत खोटे बोलू लागतो. दांडा जड आहे तो वेगामुळे की अडकलेल्या कप्पीमुळे, हे हाताला उमगत नाही.

घर्षणाचा आणखी एक गुण असा की, थांबलेली वस्तू हलविण्यास जेवढे बळ लागते, त्याहून हलती वस्तू हलती ठेवण्यास कमी लागते. गच्च झालेली खिडकी ढकलणाऱ्याला हा अनुभव येतोच: जोर लावावा, खिडकी हलू नये, आणखी जोर लावावा, आणि ती एकदम धाडकन उघडावी. जमिनीपासून काही हात उंचीवर, उतरण्याच्या शेवटच्या क्षणी, वैमानिकाला एलेव्हेटर किंचित वर उचलावयाचे असते. ते प्रथम हलले नाही आणि नंतर हवे त्याहून अधिक हलले, तर विमान उसळते किंवा आपटते. घर्षणामुळे पाते सोडल्यावर मूळ जागी परतही येत नाही. त्यामुळे विमान ठरविलेला वेग धरीत नाही, आणि वैमानिकाला सतत लहानमोठ्या दुरुस्त्या कराव्या लागतात. नवशिक्याला वाटते की, आपलाच हात वाईट आहे.

आता जयपूरच्या हवेकडे वळू या. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये, पश्चिमेकडून धुळीची वादळे येतात. त्यांना तिकडे आंधी म्हणतात. काही वेळातच आकाश पिवळे होते, आणि बारीक वाळू बंद कपाटातील पुस्तकांवरही बसते. या वाळूतील गारगोटीचे कण साध्या पोलादाहूनही कठीण असतात. विमानाच्या ॲल्युमिनिअमची तर गोष्टच नको. अशा हवेत उभ्या असलेल्या विमानाच्या बिजागऱ्यांत, कप्प्यांच्या खोबणींत आणि फरशीखालील केबलींवर धूळ साचणे अटळ आहे.

अशा वेळी सामान्य माणसाचा हात तेलाच्या बुधलीकडे जातो. दार कुरकुरले की तेल, शिवणयंत्र अडखळले की तेल, असाच आपल्या घरांचा रिवाज आहे. परंतु जयपूरच्या जोहरी बाजाराच्या परिसरात रत्नांना पैलू पाडण्याची जी कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती पाहिल्यास या रिवाजातील धोका कळून येईल. पैलू पाडण्यासाठी कारागिराला दोन गोष्टी लागतात: एक कठीण पूड आणि दुसरी ती पूड फिरत्या चाकीवर धरून ठेवणारा ओलावा किंवा लेप. कोरडी पूड उडून जाते. धरून ठेवलेली पूड दगडालाही कापते. तेलाने माखलेल्या केबलीवर वाळू बसली की हाच लेप तयार होतो. पुढे कप्पी, केबल आणि कडी यांना पैलू पाडण्याचे काम कोणी न सांगता, प्रत्येक हालचालीबरोबर होत राहते.

म्हणूनच विमान बनविणाऱ्यांच्या सूचना या बाबतीत काटेकोर असतात. सेस्ना १७२ हे जगातील सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान. १९५५ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने बनली आहेत. सेस्नाच्या लहान विमानांच्या देखभाल-पुस्तिकेत केबली व साखळ्या यांना वंगण लावू नये, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात, असे सांगितले आहे. अपवाद केवळ समुद्रकिनाऱ्याचा. मुंबईत जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात केबलीचा शत्रू गंज आहे, आणि तेथे वंगणाचा पातळ थर तिचे रक्षण करतो. जयपुरात शत्रू वाळू आहे, आणि तोच थर वाळूला आसरा देतो. विमान तेच, केबल तीच; परंतु एका गावचे औषध दुसऱ्या गावी विष ठरते. कोकणातून मारवाडात आलेल्या कारागिराने हात आवरला पाहिजे, आणि मारवाडातून कोकणात गेलेल्याने तो सैल सोडला पाहिजे.

याचा अर्थ वंगण वर्ज्य आहे, असा मात्र नव्हे. उघड्या बिजागऱ्या, तरफांचे सांधे, दांड्यांची टोके यांना पुस्तिकेत सांगितलेले तेल, सांगितलेल्या ठिकाणी आणि सांगितलेल्या मात्रेत द्यावेच लागते. क्रम मात्र ठरलेला आहे: आधी जुना मळ काढावा, मग तेल द्यावे, आणि मग बाहेर ओघळलेले तेल पुसून टाकावे. धुळीवर तेल घालणे ही देखभाल नव्हे. केबल स्वच्छ करतानाही विवेक लागतो. बारीक तारांचे पेड वळून केबल बनते. एका प्रचलित प्रकारात एकोणीस तारांचा एक पेड, असे सात पेड, म्हणजे एकूण १३३ तारा असतात. तयार करतानाच या तारांच्या आत वंगण भरलेले असते. मळ लवकर निघावा म्हणून केबल पेट्रोलसारख्या द्रावकाने धुतली, तर ती वरून लखलखीत दिसते. परंतु आतील वंगण निघून जाते, आणि तारा एकमेकींवर घासून व गंजून आतल्या आत तुटू लागतात.

हीच गोष्ट बेअरिंगची. जयपूर आणि बेअरिंग यांचे नाते जुने आहे. भारतात बेअरिंग बनविण्याच्या उद्योगातील आद्य कारखान्यांपैकी एक येथेच १९४६ मध्ये स्थापन झाला. दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या बसविल्या की घासणे संपून लोळणे सुरू होते, हे बेअरिंगचे तत्त्व सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु सायकलच्या चाकातील बेअरिंग आणि विमानाच्या एलेरॉनमधील बेअरिंग यांच्या आयुष्यात मोठा फरक असतो. चाक गरगर फिरते व त्याबरोबर ग्रीस सर्वत्र पसरते. एलेरॉनचे बेअरिंग कधीच पूर्ण फिरत नाही. ते काही अंशांतून पुढेमागे झुलते. गोळ्या त्याच त्या जागी हलतात, तेथील ग्रीस बाजूला सरते, आणि इंजिनाच्या कंपनांमुळे कड्यांवर बारीक खळगे पडू शकतात. अशी बेअरिंगे बहुधा दोन्ही बाजूंनी बंद करून, आत ग्रीस भरूनच दिलेली असतात. त्यांवर द्रावक ओतणे किंवा विमान धुताना पाण्याचा जोराचा फवारा मारणे म्हणजे आतले ग्रीस बाहेर काढून बाहेरचा मळ आत ढकलणे होय. बंद बेअरिंग खरखरू लागले की ते बदलावे. त्याच्यावर उपचार नाही.

तिसरा विषय उष्णतेचा. जयपुरात जानेवारीतील पहाटे पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू शकतो, तर उन्हाळ्यात तो ४५ अंशांपर्यंत चढतो. या ४० अंशांच्या फरकाने पाच मीटर लांबीचे ॲल्युमिनिअम सुमारे ४.६ मिलिमीटरने वाढते, तर तेवढीच पोलादी केबल सुमारे २.४ मिलिमीटरने. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनिअमचा आणि केबल पोलादाची असेल, तर उन्हाळ्यात सांगाडा केबलीला ताणतो आणि थंडीत तिला सैल सोडतो. म्हणून केबलीचा ताण ताणमापकाने मोजताना हवेचे तापमानही पाहावे लागते. लहान विमानांत हा ताण सामान्यतः दहा ते वीस किलोग्रॅमच्या घरात असतो. तो अधिक झाल्यास कप्प्यांवर भार पडून दांडा जड होतो. कमी झाल्यास दांडा हलूनही पाते काही काळ हलत नाही, आणि ढिली केबल कप्पीच्या खोबणीतून निसटण्याची भीती असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुलभ म्हणजे सैल नव्हे. दांडा अगदी हलका लागावा म्हणून केबलीचा ताण उतरविणे किंवा झिजलेली बिजागरी चालवून घेणे हा आत्मघातकी उपाय आहे. सांध्यांत मोकळीक राहिली की विशिष्ट वेगाला पाते आपणहून थरथरू लागते. ही थरथर हवेकडूनच शक्ती घेऊन क्षणार्धात एवढी वाढू शकते की, पाते किंवा पंखच मोडून जावा. याच कारणास्तव पात्यांचे वजन बिजागरीच्या दोन्ही बाजूंना तोलून धरलेले असते. हौसेने चढविलेला रंगाचा एक जादा थरही बिजागरीमागील वजन वाढवून हा तोल बिघडवू शकतो. म्हणून पाते रंगविल्यानंतर त्याचा तोल पुन्हा तपासावा लागतो. सुलभता या शब्दात मोकळेपणा आणि घट्टपणा या दोहोंचा मेळ अभिप्रेत आहे.

तपासणीची रीत साधी आहे. तिला उपकरणांपेक्षा धीर अधिक लागतो. केबलीच्या पूर्ण लांबीवरून फडके फिरवावे. एखादी तार तुटली असेल, तर तिचे टोक फडक्यात अडकते. डोळ्याला न दिसणारा दोष फडके सांगते. उघड्या बोटांनी मात्र हे करू नये, कारण तारेचे टोक काट्यासारखे रुतते. जेथे केबल कप्पीवरून वळते, तेथे तारा सर्वप्रथम तुटतात; म्हणून तो भाग विशेष पाहावा. प्रत्येक कप्पी हाताने फिरवून पाहावी. विहिरीवरची कप्पी गच्च झाली की दोर तिच्या खोबणीत चर पाडतो, हे गावोगावच्या पाणी शेंदणाऱ्या बायकांना पुस्तकाविना ठाऊक असते. विमानातही तसेच घडते. अडकलेल्या कप्पीवरून घासणारी केबल करवतीसारखी तिला कापते आणि स्वतःही झिजते. ताण कमीजास्त करण्याचे जे पेचदार टर्नबकल असते, त्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना तीनपेक्षा अधिक आटे दिसू नयेत, आणि ते आपोआप उलगडू नये म्हणून घातलेली तार शाबूत असावी. शेपटीत पक्ष्यांनी काड्या आणून घरटे तर केले नाही ना, आसनाखाली एखादी पेन्सिल, नाणे किंवा पाना तर पडला नाही ना, हेही पाहावे. अशा क्षुल्लक वस्तूंनी तरफा अडकल्याची उदाहरणे विमानविद्येच्या इतिहासात कमी नाहीत.

त्या इतिहासातील चार प्रसंग येथे सांगणे उचित होईल. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. वादळी वाऱ्यात पाती आपटू नयेत म्हणून जमिनीवर जो अटकाव लावून ठेवतात, तो काढण्याचे राहून गेले होते. त्यात मेजर प्लॉयर हिल आणि लेस्ली टॉवर या दोन कुशल वैमानिकांचा अंत झाला. उड्डाणापूर्वी लेखी यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची प्रथा या अपघातातून रूढ झाली. आंधीच्या प्रदेशात हा अटकाव लावणे अत्यावश्यक आहे. म्हणूनच तो काढण्याची आठवणही तितकीच अत्यावश्यक ठरते.

२३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ॲव्हरो ट्यूडर जातीचे विमान कोसळले. एलेरॉनच्या केबली उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. डावीकडे दांडा नेला की विमान उजवीकडे कलत असे. ‘लँकेस्टर’ या प्रख्यात विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक त्यात मृत्यू पावले. या विमानाचा दांडा हाताला अडला नसेल. चुकीच्या दिशेने जाणारी केबलही अगदी सहज फिरू शकते. त्यामुळे पाती मोकळी आहेत एवढे पाहून भागत नाही. ती पूर्ण हलतात का, आणि योग्य बाजूला हलतात का, हेही पाहावे लागते. वैमानिकांना यासाठी एक सोपी खूण शिकवितात: दांडा धरलेल्या हाताचा अंगठा वर ठेवून तो एका बाजूस न्यावा, अंगठा ज्या बाजूस झुकेल, त्या बाजूचे एलेरॉन वर गेले पाहिजे.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एक प्रवासी विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ८८ माणसे प्राणास मुकली. शेपटीचा आडवा पंख कलता करणाऱ्या मोठ्या स्क्रूला पुरेसे ग्रीस मिळाले नव्हते. त्यावरील नटाचे आटे झिजत झिजत नाहीसे झाले होते. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतच शार्लट येथे बीचक्राफ्ट १९०० जातीचे विमान उड्डाण करताच कोसळून २१ माणसे दगावली. देखभालीच्या वेळी एलेव्हेटरच्या केबलीची जुळणी चुकल्यामुळे नाक खाली आणण्याची त्याची क्षमता कमी झाली होती, आणि विमानातील भारही मर्यादेबाहेरचा होता. कोठे वंगणाची उणीव, कोठे जुळणीची चूक. परंतु या सर्व घटनांत दोष जमिनीवर निर्माण झाला आणि त्याची किंमत आकाशात मोजावी लागली.

भारतात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा होण्याचे कारण लहान विमानांची आपली परंपरा. कोल्हापूर जिल्ह्यातील विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले, आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झाले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. १९५८ मध्ये त्याच कारखान्यातून कापडाने मढविलेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान आले आणि ते देशभरच्या उड्डाण क्लबांत पोहोचले. जयपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, टोंक जिल्ह्यात, हिरालाल शास्त्री व रतन शास्त्री यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेले वनस्थळी विद्यापीठ आहे. मुलींना विमान चालविण्याचे शिक्षण देण्याची सोय त्या संस्थेने केली, ही या प्रदेशाला भूषणावह गोष्ट आहे.

शिकाऊ विमानाचे दुर्दैव असे की, ते अनेकांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते. दिवसभरात ते निरनिराळ्या हातांत जाते. शिकणारी मुलगी प्रथमच दांडा धरते. तो किती जड असावा हे तिला कसे कळणार? तिला जो दांडा मिळाला, तोच तिच्या लेखी विमानाचा स्वभाव. शिक्षकाला सवय झालेली असते. जडपणा रोज तिळातिळाने वाढत असल्यामुळे आज कालच्यासारखेच वाटते. विमान बंद ठेवले तर शिक्षणाचे तास बुडतात, पैसा बुडतो. मग पुढच्या तपासणीला पाहू, असे म्हटले जाते. अशा रीतीने दोष दृष्टीआड होतो आणि वहीत त्याची नोंद होत नाही.

या सवयीवर उपाय मापन हाच आहे. दांड्याला स्प्रिंगचा साधा वजनकाटा लावून तो हलण्यास किती बळ लागते ते पाहावे, आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहावा. हाताची आठवण फसवी असते, कागदाची नसते. नियंत्रणाच्या मार्गाला हात लागला की दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासणी करून सह्या केल्याखेरीज विमान उडवू नये, असा भारतातील नागरी विमानवाहतुकीचा दंडक आहे. तो कारागिरावरील अविश्वासातून आलेला नाही. ज्याने काम केले, त्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, ही मनुष्यस्वभावाची जुनी मर्यादा त्यात मान्य केलेली आहे.

आणि अखेरीस, श्रोतेहो, ज्याच्या कामावर हे सारे उभे आहे, त्या कारागिराविषयी दोन शब्द. वैमानिकाच्या कौशल्याची वर्णने होतात. फरशीखाली पालथे पडून, विजेरीच्या उजेडात केबलीवरून फडके फिरविणाऱ्याची होत नाहीत. त्याचे काम यशस्वी झाले, तर काहीच घडत नाही: दांडा सहज फिरतो, पाते वळते, विमान उतरते, आणि कोणाला त्याची आठवणही होत नाही. सांगानेरच्या किंवा वनस्थळीच्या आकाशात एखादी विद्यार्थिनी पहिल्यांदा एकटी उडते, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते, असे म्हणतात. परंतु तिच्या हातातील दांडा ज्या सहजतेने हलतो, त्या सहजतेच्या रूपाने दुसरे कोणी तरी तिच्याबरोबर असतेच. आंधीनंतरच्या सकाळी झाडू आणि फडके घेऊन विमानाकडे आधी कोण जातो, यावर तिचे सुखरूप परतणे अवलंबून असते. उड्डाण क्लबांनी, विद्यालयांनी आणि ती चालविणाऱ्या शासनाने त्या माणसाला पुरेसा वेळ, योग्य साहित्य आणि ‘आज हे विमान उडणार नाही’ असे निःशंकपणे सांगण्याचा अधिकार दिला पाहिजे. एवढे झाले, तर वाळवंटाच्या कडेलाही विमानाची पाती वर्षानुवर्षे मोकळी फिरत राहतील.